मायना, मजकूर आणि मोर्तब : पत्राच्या चौकटीचा इतिहास

जुने पत्र हाती आले की सामान्य वाचक त्यातली हकीकत वाचू लागतो. इतिहासाचा अभ्यासक हकीकतीकडे सर्वांत शेवटी वळतो. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोठून लिहिले, कोणत्या दिवशी लिहिले आणि ते पोचले कधी, एवढ्या गोष्टी तो आधी शोधतो. ही पाच उत्तरे मिळाली तर चार ओळींची चिठ्ठीही पुरावा ठरते. ती मिळाली नाहीत तर चार पानी सुरस पत्रही नुसती गोष्ट होऊन राहते.

या पाच उत्तरांना मी या लेखापुरते ‘पत्राची चौकट’ म्हणणार आहे. चौकट म्हणजे मजकूर वगळून पत्रात जे उरते ते. मोडी पत्रापासून पोस्टकार्डापर्यंत आणि पोस्टकार्डापासून ई-मेलपर्यंत ही चौकट कशी बदलत गेली आणि आज ती आपल्या हातून कशी निसटते आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे. विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागदाचा कपटाही पुरावा असतो हे ज्यांनी महाराष्ट्राला शिकवले, त्यांचे दप्तर ज्या गावात आहे, त्या गावातल्या माणसाने ई-मेलकडेही दप्तरखान्याच्या नजरेने पाहावे, हे ओघानेच आले.

विशेष म्हणजे काय?

पेशवाईतल्या एखाद्या मोडी पत्राची रचना पाहू. सर्वांत वर ‘श्री’. त्याखाली मायना. मायना म्हणजे ज्याला पत्र लिहायचे त्याचा नामनिर्देश आणि त्याच्याशी असलेले आपले नाते. बरोबरीच्या माणसाला ‘राजश्री अमुक गोसावी यांसी, अखंडितलक्ष्मीआलंकृत राजमान्य, स्नेहांकित अमुक, रामराम विनंती उपरी’. वडीलधाऱ्याला किंवा धन्याला ‘स्वामींचे सेवेसी, विनंती सेवक अमुक, कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’. लहानाला ‘चिरंजीव अमुक यांसी आशीर्वाद’. त्यानंतर कुशल : येथील कुशल जाणून आपले कुशल लिहीत जावे. आणि मग एक शब्द येतो, ‘विशेष’.

या ‘विशेष’ला फार महत्त्व आहे. मोडीत आधी ओळ ओढायची आणि मग अक्षरे तिला लोंबकळत सलग लिहीत जायचे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, परिच्छेद पाडायचा नाही. मग रिवाज कोठे संपला आणि काम कोठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? ‘विशेष’ किंवा ‘उपरी’ हा शब्द त्याची खूण होता. फडावरचा कारकून पत्र हाती घेतल्यावर आधी हा शब्द शोधीत असणार. आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डावर ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ असे जे लिहिलेले असे, त्यातला शेवटचा ‘वि.’ हाच. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. दोन-अडीचशे वर्षे ही खूण टिकली. नंतरच्या पिढ्यांनी तिचा अर्थ विसरूनही ती लिहिणे सोडले नाही.

शेवटाकडेही अशीच शिस्त. बरोबरीच्या माणसाला ‘बहुत काय लिहिणे, लोभ कीजे हे विनंती’. धन्याला ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’. हाताखालच्याला नुसते ‘जाणिजे’. या एका शब्दावरून पत्र वरून खाली गेले की खालून वर, हे नाव फाटून गेले असले तरी सांगता येते. अगदी शेवटी मोर्तब, म्हणजे लहान शिक्का. शिवकालीन पत्रांवरच्या अशा शिक्क्यात ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आढळतात. येथे पत्राची मर्यादा झाली, पुढे कोणी एक शब्द वाढवला तर तो आमचा नव्हे, असा तो बंदोबस्त होता.

पत्राचा मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. म्हणूनच धन्याने स्वतः चार ओळी लिहिल्या तर तेथे ‘दस्तुर खुद्द’ असे नमूद होई. पत्र ज्याच्या नावाचे तो एक आणि ज्याच्या हातचे तो दुसरा, हे त्या काळच्या माणसाला पक्के ठाऊक होते. खरेपणाची खात्री अक्षरावर नव्हे, शिक्क्यावर असे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे ई-मेलच्या बाबतीत तो पुन्हा येणार आहे.

साल नसलेली तारीख

या चौकटीत एक मोठे भगदाड होते, ते तारखेचे. पेशवाईतल्या पत्रांत ‘छ १५ रबिलावल’ अशी तारीख असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख. दिवस आहे, महिना आहे, साल मात्र बहुतेक वेळा नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. पुण्याहून खानदेशात आठवड्याभरात पोचणाऱ्या पत्रावर साल कशाला लिहायचे? ही पत्रे पुढे कधी कोणी इतिहास म्हणून वाचील, हे त्यांच्या मनातही नव्हते.

जेथे साल आहे तेथेही ते सरळ आकड्यात नसते. सुहूर सनात ते अरबी संख्यानामांनी लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१. हा सन मृगाला सुरू होत असल्याने त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारी उजाडल्यावर ६०० मिळवायचे. म्हणजे १७६०-६१, पानिपताचे वर्ष. पानिपताची लढाई पौष शुद्ध ८, शके १६८२, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. ती तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्या लढाईच्या आगेमागे लिहिलेल्या, साल नसलेल्या शेकडो पत्रांना त्या तारखेच्या अलीकडे बसवायचे की पलीकडे, हे ठरवण्यात अभ्यासकांची आयुष्ये गेली. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. अशी पत्रे लावताना जंत्री काढायची, वार जुळतो का पाहायचे, मजकुरात आलेल्या मुक्कामावरून सैन्याची वाट आखायची आणि मग साल कंसात घालायचे. साल एका वर्षाने चुकले तर कारण परिणामाच्या मागे जाऊन बसते. मदत मागणारे पत्र पराभवानंतरचे ठरते आणि एखाद्या सरदाराच्या कपाळी विनाकारण दिरंगाईचा डाग लागतो.

एक गोष्ट मात्र पेशव्यांच्या फडाने फार चांगली केली. पत्र पोचले की पाहणारा कारकून त्यावर पोचल्याची तारीख टिपून ठेवी. तिला ‘पैवस्ती’ म्हणत. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख या दोहोंमधले अंतर म्हणजे बातमीचा प्रवास. उत्तरेतून पुण्याकडे येणाऱ्या जासुदांच्या वाटेवर बुऱ्हाणपूर आणि आपला खानदेश पडतो. तापी चढली की जोड्या अडकून पडत. एखादी आज्ञा वेळेवर का पाळली गेली नाही, याचे उत्तर पुष्कळदा माणसाच्या मनात नसते, या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत असते.

चौकट टपालखात्याकडे जाते

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी कारभाराचे ठाणे धुळ्याला आणले. इंग्रजी कचेरीबरोबर पत्राची एक नवी चौकटही आली. माझ्या वाचनातल्या पेशवाई पत्रांत ‘विषय’ अशी स्वतंत्र ओळ नाही. पत्र कशाबद्दल आहे हे ‘विशेष’नंतर वाचूनच कळायचे. कचेरीच्या पत्रव्यवहाराने मात्र विषय, संदर्भ, जावक क्रमांक, सोबतचे कागद आणि ‘प्रत माहितीसाठी रवाना’ हे सारे भाग वेगवेगळे पाडले. मायन्यातली नात्याची श्रीमंती गेली आणि त्या जागी ‘महोदय’ आले. पण कागद शोधणे सोपे झाले. जळगाव किंवा धुळ्याच्या कोणत्याही सरकारी कचेरीत आजही आवक-जावक नोंदवही असते आणि क्रमांक नसलेल्या पत्राला तेथे जन्मच नसतो.

घरगुती पत्राची चौकट टपालखात्याने सांभाळली. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. त्यावर दोन शिक्के पडत : टाकलेल्या गावाचा आणि पोचलेल्या गावाचा. लिहिणारा तारीख घालायला विसरला तरी शिक्का विसरत नसे. पैवस्ती टिपायला घरात कारकून लागेना, पोस्टमास्तरच ते काम करू लागले. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ४२५००१ म्हटले की जळगाव, ४२४००१ म्हटले की धुळे. गावाच्या नावाचा घोळ झाला तरी पत्र वाट चुकेनासे झाले.

याच काळात आपल्या भागात एक गमतीची गोष्ट दिसते. घरात बोली अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली. पत्र मात्र शाळेतल्या मराठीत. आईने अहिराणीत सांगायचे आणि शाळेत जाणाऱ्या नातवाने ‘सा. न. वि. वि.’ करून ते लिहायचे. म्हणजे ज्याच्या नावाचे पत्र तो एक आणि ज्याच्या हातचे तो दुसरा, ही पेशवाईतली रीत कुडाच्या घरातही चालूच राहिली. अशा कार्डांवरून त्या माउलीची बोली शोधू म्हणाल तर सापडत नाही. पण तिचे नाव, गाव, तारीख आणि मुलाच्या बदलीची ठिकाणे सापडतात. मजकूर उसना असला तरी चौकट खरी असते.

ई-मेलचे अवयव

आता ई-मेलकडे वळू. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घातले. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे मुक्काम. आपल्या पत्त्यावर वर नाव आणि खाली गाव, तसेच. पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने निरोप लिहू लागला, तेव्हा तो यंत्राला कळावा म्हणून चौकट ठरवणे भाग पडले. सप्टेंबर १९७३ मध्ये तसा पहिला मसुदा निघाला. त्याच्या चार कर्त्यांत एक होते अभय भूषण, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्या मसुद्यात प्रामुख्याने तीन ओळी होत्या : कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणत्या विषयावर. पुढे १९७७ आणि १९८२ साली नियम विस्ताराने लिहिले गेले आणि त्यांचीच सुधारलेली आवृत्ती आज जगभर चालते.

या नियमाप्रमाणे ई-मेलचे दोन भाग असतात, शिरोभाग आणि मजकूर. त्या दोहोंना वेगळे करते ती एक रिकामी ओळ. यंत्र वरून वाचत येते आणि पहिली रिकामी ओळ लागली की समजते : रिवाज संपला, आता काम सुरू. मोडी पत्रातल्या ‘विशेष’चे काम येथे ही रिकामी ओळ करते.

शिरोभागातल्या ओळी आपल्या दप्तराच्या भाषेत अशा लावता येतील. ‘फ्रॉम’ म्हणजे लिहिणारा. ‘टू’ म्हणजे ज्याला लिहिले तो. या दोन्ही मिळून मायना होतो, फक्त त्यात नाते नाही. धन्याला आणि चिरंजीवाला एकच ओळ. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टंकलेखन यंत्राच्या काळातली कार्बन लावून काढलेली प्रत, आपले ‘प्रत माहितीसाठी रवाना’. ‘बीसीसी’ म्हणजे ज्याला प्रत गेली हे इतरांना कळू नये, असा गुपचूप पाठवलेला मसुदा. ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय. ‘मेसेज-आयडी’ म्हणजे जावक क्रमांक. तो पाठवणाऱ्या बाजूचे यंत्रच घालते आणि त्याने जगात एकमेव असावे असा नियम आहे. ‘इन-रिप्लाय-टू’ म्हणजे संदर्भ, हे उत्तर कोणत्या जावक क्रमांकाच्या पत्राला आहे ते. सोबत जोडलेली फाइल म्हणजे पुरवणी किंवा ‘सोबत’. ही सोय मुळात नव्हती. १९९२ साली ठरलेल्या नव्या नियमांनी ती आणली आणि इंग्रजीखेरीज इतर लिप्यांची सोयही त्याच नियमांतून झाली. आपण विषयाच्या ओळीत देवनागरीत ‘दिवाळी’ लिहितो, तेव्हा आतल्या आत तिचे रोमन अक्षरे व आकडे यांच्या सांकेतिक रूपात भाषांतर होऊन ती प्रवास करते आणि पोचल्यावर पुन्हा ‘दिवाळी’ होते.

या सगळ्या ओळींपैकी नियमाने सक्तीच्या किती? फक्त दोन : ‘डेट’ आणि ‘फ्रॉम’. विषय नसला तरी चालते, ‘टू’ नसला तरी चालते, मजकूर नसला तरीही तो ई-मेल असतो. तारीख आणि लिहिणारा नसेल तर मात्र नाही. ज्या दोन गोष्टींसाठी मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक जंत्र्या उलगडत बसले, नेमक्या त्या दोनच या नव्या पत्राने सक्तीच्या केल्या. तारखेत साल तर असतेच, शिवाय घड्याळही असते. आपल्याकडून गेलेल्या पत्रात वेळेपुढे ‘+०५३०’ असे दिसते. त्याचा अर्थ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे भारतीय वेळ.

आणि पैवस्ती? ई-मेल एका यंत्रावरून दुसऱ्याकडे जाताना वाटेतले प्रत्येक ठाणे ‘रिसीव्हड’ अशी एक ओळ सर्वांत वर चढवत जाते : कोणाकडून आले, किती वाजता आले. म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या. सर्वांत खाली निघाल्याचे ठाणे, सर्वांत वर पोचल्याचे. पोस्टकार्डावर दोनच शिक्के असत, येथे पाच-सहाही असतात. पत्रपेटीत मात्र हे सारे झाकलेले असते. पडद्यावर आपल्याला दिसतात त्या नाव, तारीख आणि विषय अशा दोन-तीन ओळी.

चाळीस मिनिटे

झाकलेल्या ओळींचे मोल मला एका घरगुती बाडामुळे कळले. जळगाव जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जुने कागद पाहायला दिले. त्यांत सातबाराचे उतारे होते, अंतर्देशीय पत्रे होती आणि तळाशी २००३ सालचे काही छापील ई-मेल होते. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात, धाकटा गावी. जानेवारीत वडील अत्यवस्थ झाले. फोन लागेना, म्हणून धाकट्याने तालुक्याच्या सायबर कॅफेतून ई-मेल केला. थोरल्याचे उत्तर ‘तिसऱ्या दिवशी आले’ आणि तोवर वडील गेले होते. घरात हे वाक्य पुढची कित्येक वर्षे बोलले जात होते. थोरल्याला निरोप कळूनही त्याने दोन दिवस काढले, असा त्याचा सरळ अर्थ होता.

कॅफेवाल्याने कागद छापताना शिरोभाग पूर्ण छापला होता. मुद्दाम नव्हे, यंत्रावर तशी सोय चालू राहिली असावी. धाकट्याचा ई-मेल १५ जानेवारीला सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी गेला होता, ‘+०५३०’. थोरल्याच्या उत्तरावर तारीख होती १४ जानेवारी, रात्रीचे ८, ‘-०८००’. घरच्यांना ही १४ तारीख म्हणजे यंत्राचा घोळ वाटली होती. पत्र १५ला गेले, उत्तर १४ला कसे? पण कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यामागे साडेतेरा तास असते. तिकडचे १४ तारखेचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे १५ तारखेचे सकाळचे साडेनऊ. निरोप गेल्यापासून चाळीस मिनिटांत उत्तर निघाले होते. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी, तीन ओळींचे : निघतो आहे, तिकीट पाहतो आहे, डॉक्टरांचा नंबर दे. सर्वांत वरची ‘रिसीव्हड’ ओळ सांगत होती की ते पेटीत त्याच मिनिटाला पोचले होते. दवाखान्याच्या धावपळीत दोन दिवस कोणी कॅफेत गेलेच नव्हते.

हे त्यांना कसे कळले नाही? खरे म्हणजे कागदावर तेही होते. त्या छापील पानाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिले होते, ‘ता. १७ ला पाहिले’. काकांचे अक्षर. ई-मेल पेटीत केव्हा पडला ते यंत्र सांगते, माणसाने तो केव्हा वाचला ते सांगत नाही. पेशव्यांच्या कारकुनाची पैवस्ती नकळत त्या काकांनी चालू ठेवली होती. मी दोन्ही वेळा एका कागदावर ओळीने मांडून त्या कुटुंबाला दिल्या. धाकट्याने कागद बराच वेळ हातात धरला आणि मग भावाला फोन लावायला तो बाहेर गेला. पुढे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

त्या बाडात थोरल्याचे आणखीही ई-मेल होते. पण ते कोणी तरी नंतर मजकूर तेवढा उचलून दुसऱ्या पानावर चिकटवून छापले होते. त्यांवर नाव नाही, तारीख नाही. त्यांतला कोणता वडिलांच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मला सांगता आले नाही. एकविसाव्या शतकातले कागद, पण अवस्था ‘छ १५ रबिलावल’ची.

तोतया आणि शिक्का

चौकट खोटी असू शकते का? अवश्य. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला. त्याला पुष्कळांनी भाऊसाहेब मानले आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्यात बखेडा माजला. ई-मेलमधली ‘फ्रॉम’ ही ओळ लिहिणारा स्वतः घालतो. पाकिटावर मागच्या बाजूला कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच ते. बँकेच्या नावाने येणारे फसवे ई-मेल याच वाटेने येतात. म्हणून तेथेही मोर्तब करावे लागले. २००७ पासून रूढ झालेल्या एका पद्धतीत पाठवणाऱ्या ठाण्याचे यंत्र ठरावीक ओळी आणि मजकूर यांवर गणिती शिक्का उमटवते. वाटेत त्यातले एक अक्षर बदलले तरी शिक्का जुळत नाही. ‘मर्यादेयं विराजते’चे हे आजचे रूप.

तरीही हा शिक्का ठाण्याचा असतो, माणसाचा नव्हे. कळफलकावर बोटे कोणाची होती हे तो सांगत नाही. आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, तेव्हा पुरावा कायद्यात एक कलम घातले गेले. पाठवलेला आणि पोचलेला संदेश एकच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते, पण तो कोणी पाठवला याबद्दल मात्र काहीही गृहीत धरणार नाही, असे त्यात म्हटले होते. नावाचा एक, हातचा दुसरा : ‘दस्तुर खुद्द’चा प्रश्न येथेही तसाच उरला.

आपण काय ठेवणार?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. या दोन तारखांच्या दरम्यान आपल्या घरांतली पत्रेही जवळजवळ थांबली. म्हणजे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला खानदेश, त्याचे शिकायला पुण्याला गेलेले मुलगे, नाशिक-सुरतेला नोकरीला गेलेली माणसे, परदेशी गेलेल्या मुली, केळीचे भाव, दुष्काळाची साले, हे सारे कोठे असेल तर ते ई-मेलमध्ये आणि आता भ्रमणध्वनीवरच्या निरोपांत आहे. माळ्यावरचे बाड वाळवी लागेपर्यंत तरी टिकते. ई-मेलची पेटी परवलीच्या शब्दाबरोबर जाते. माणूस गेला की पेटीची किल्ली त्याच्याबरोबर गेली. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकली जातील. वाळवीने निदान अशी नोटीस कधी दिली नव्हती.

म्हणून वाचकांना चार गोष्टी सुचवतो. पहिली, महत्त्वाचे पत्र जपायचे असेल तर मजकूर उचलून चिकटवू नका आणि पडद्याचे छायाचित्र काढून थांबू नका. बहुतेक पत्रपेट्यांत ‘मूळ संदेश’ पाहण्याची व उतरवून घेण्याची सोय असते. त्या फाइलीत शिरोभाग, ठाण्यांचे शिक्के, गणिती मोर्तब आणि पुरवण्या सगळे शाबूत राहते. दुसरी, विषयाची ओळ रिकामी सोडू नका आणि तिच्यात ‘फोटो’ किंवा ‘हाय’ एवढेच लिहू नका. गाव, माणूस आणि साल लिहा. तिसरी, पत्र केव्हा वाचले आणि काय केले, हे जमेल तेव्हा टिपून ठेवा. ही पैवस्ती यंत्र देत नाही. चौथी, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पेट्यांची सोय त्यांच्या हयातीत, त्यांना विचारून करा.

आणि एक विनंती धुळे-जळगावच्या संस्थांना. मोडी रुमाल जसे दान म्हणून स्वीकारले गेले, तसे ई-मेलचे संग्रहही घरच्यांच्या संमतीने, खासगी ते खासगी ठेवून, स्वीकारण्याची व्यवस्था करावी. पुढे शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक येईल आणि विचारील की २००० सालच्या सुमारास खानदेशातली माणसे एकमेकांना काय लिहीत होती. त्याच्या हाती मजकूर कमी आला तरी तो काम भागवील. पण कोणी, कोणाला आणि केव्हा लिहिले हे त्याला जंत्री काढून शोधावे लागले, तर तो दोष जंत्रीचा नसेल. आपल्या काळातल्या प्रत्येक पत्रावर साल होते. आपण ते ठेवले की टाकले, एवढेच त्याला आपल्याविषयी कळेल.